भागिले एन, की भागिले एन उणे एक?

(पदवीच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. मघाशी ओळख करून देताना मला 'गणिताचे आणि संख्याशास्त्राचे' अध्यापक म्हटलं गेलं. आज मी त्या 'आणि'वरच बोलणार आहे.

बीएस्सीला दोन्ही विषय घेतले तेव्हा माझ्या दोन वह्या होत्या. गणिताच्या वहीत सिद्धता असायच्या. संख्याशास्त्राच्या वहीत सूत्रात आकडे घालायचे, जर्नल पुरं करायचं आणि सही घ्यायची. या दोन वह्यांची आपसात कधी ओळखच झाली नाही. माझ्या कॅल्क्युलेटरवर सिग्माची, म्हणजे आकडे किती पसरलेत ते मोजणारी, दोन बटणं होती, एकावर 'एन' (आकडे जितके, ती संख्या) आणि दुसऱ्यावर 'एन उणे एक'. कुठलं दाबायचं, असं विचारलं तर उत्तर आलं, "सॅम्पल, म्हणजे सगळ्यांतून उचललेला नमुना, असेल तर दुसरं." मी दुसरं दाबत राहिलो, मार्क मिळत राहिले. पण का, हे विचारायचं मला सुचलंच नाही.

हा खोका बघा. यात तीन चिठ्ठ्या आहेत: 2, 4 आणि 6. सरासरी 4. व्हेरियन्स म्हणजे सरासरीपासूनच्या अंतरांच्या वर्गांची सरासरी. 4, 0 आणि 4 यांची बेरीज 8, भागिले 3. हे 8/3 खोक्याचं खरं उत्तर. पण समजा, खोका उघडायची परवानगी नाही. एक चिठ्ठी काढायची, बघायची, परत टाकायची, मग दुसरी काढायची. अशा जोड्या होतात नऊ. प्रत्येक जोडीचा व्हेरियन्स दोनाने भागून काढला, तर तीन जोड्यांचा शून्य येतो, चार जोड्यांचा 1 आणि दोन जोड्यांचा 4. एकूण 12, भागिले 9, म्हणजे 4/3. खऱ्या उत्तराच्या बरोबर निम्मं! आता दोनाऐवजी एकाने भागा. सगळे आकडे दुप्पट होतात आणि सरासरी येते 8/3. नेमकी.

असं का होतं? कारण आपण अंतर मोजतो ते खोक्याच्या सरासरीपासून नव्हे, तर हाती आलेल्या चिठ्ठ्यांच्या सरासरीपासून. ती सरासरी त्याच चिठ्ठ्यांतून निघालेली, म्हणजे घरचीच. तिच्यापासून मोजलं की पसारा कमीच दिसणार.

हेच गणिताच्या वहीच्या भाषेत सांगतो. सरासरीपासूनच्या सगळ्या अंतरांची बेरीज नेहमी शून्य असते. म्हणजे एन अंतरांपैकी एन उणे एक कळली की उरलेलं आपोआप कळतं. लिनियर अल्जेब्रात आपण म्हणतो की या एन अंतरांचा मिळून झालेला व्हेक्टर एन उणे एक मितींच्या उपअवकाशात राहतो, म्हणजे त्याला हलायला एक दिशा कमी मिळते. संख्याशास्त्राच्या वर्गात ज्याला 'डिग्रीज ऑफ फ्रीडम' म्हणून पाठ करायला लावतात, ते हेच. एकाच मजल्यावरच्या दोन वर्गांत एकच गोष्ट दोन नावांनी शिकवली जाते, आणि मधली भिंत कुणी ओलांडत नाही.

ती भिंत न मानणारा एक माणूस फर्ग्युसनमध्ये शिकवत होता. दामोदर धर्मानंद कोसंबी, मूळचे गोव्याचे. त्यांना तुम्ही इतिहासकार म्हणून ओळखत असाल. तक्षशिलेच्या साठ्यांतली प्राचीन नाणी त्यांनी तराजूत घातली. कल्पना साधी होती. नाणं हातोहात फिरतं, झिजतं, म्हणून सरासरी वजन उतरतं. पण सगळी नाणी सारखी झिजत नाहीत, म्हणून चलनात जितका काळ जाईल तितका वजनांचा व्हेरियन्स वाढत जातो. त्यावरून कोणती नाणी जास्त काळ फिरली याचा अंदाज बांधता येतो. खात्री करायला त्यांनी त्यांच्या काळातली चलनी नाणीही तोलून पाहिली. आणि याच माणसाने 1943 मध्ये यादृच्छिक फलनांवर, म्हणजे ज्यांच्या किमती योगायोगावर ठरतात अशा फंक्शनांवर, असा शोधनिबंध लिहिला, की त्यातली मांडणी पुढे कार्हुनेन आणि लोएव्ह या दोघांच्या नावाने जगभर शिकवली गेली. तराजू आणि फलन-अवकाश, दोन्ही एकाच टेबलावर.

या विषयांबद्दल पालकमंडळी विचारतात, तीन वर्षांत पदवी मिळते, मग ऑनर्सचं चौथं वर्ष कशाला? यूजीसीच्या 2022 च्या आराखड्यात तीन वर्षांना किमान 120 क्रेडिट आहेत, चार वर्षांना 160. नुसती क्रेडिटं वाढवायची असतील तर खरंच घेऊ नका. पहिल्या वर्षाचं अ‍ॅनालिसिस बहुतेकांना जड जातं. एप्सिलॉन, म्हणजे किती फरक चालेल ती मर्यादा, दिला की ती पाळणारा डेल्टा शोधायचा, हे कशासाठी, ते तेव्हा कळत नाही. नमुना वाढवत नेला की सरासरी खऱ्या किमतीकडे सरकते, हे सिद्ध करायची वेळ येते, तेव्हा तोच एप्सिलॉन परत भेटतो. पण तिथवर पोचायला वेळ लागतो, आणि तीन वर्षांत तो क्वचितच मिळतो. नोकरीचं म्हणाल तर कोडिंग शिकून घ्याच, त्यावर मी वेगळं बोलत नाही.

माझं म्हणणं एवढंच, की वही एकच ठेवा. डाव्या पानावर सूत्र आणि आकडे, उजव्या पानावर ते तसं का आहे. उजवं पान कोरं राहिलं तर राहू द्या, पण कोरं आहे हे दिसलं पाहिजे.

हा खोका मी इथेच ठेवून जातो. मघाशी आपण पहिली चिठ्ठी परत टाकली होती. आता न टाकता काढा. मग जोड्या तीनच उरतात, आणि एकाने भागलं तरी सरासरी 8/3 येत नाही, 4 येते. चूक नेमकी कुठे झाली, की चूक झालीच नाही, ते चहा होईपर्यंत मला येऊन सांगा.