डबा उघडल्यावर

(काळा पडदा. फक्त आवाज. खरखर, टक्‌-टक्‌, परत खरखर.)

हा आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना सांगायला नको. बटण दाबायचं आणि आंघोळीला जायचं. परत येईपर्यंत डेस्कटॉप दिसायला लागलेला असतो. दिसायला लागला म्हणजे चालायला लागला असं मात्र नाही. अजून कपड्यांच्या घड्या घालून होतात.

(टेबलावर काळं कॅबिनेट. बटणाभोवतीचा रंग उडालेला.)

हा संगणक २०१२ च्या अखेरीस घेतलेला. आत इंटेलचा तिसऱ्या पिढीचा कोअर आय ५ प्रोसेसर, चार कोअर, ३.२ गिगाहर्ट्‌झ. ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. आला तेव्हा त्यात विंडोज ७ होती. २०१६ मध्ये फुकट मिळतेय म्हणून विंडोज १० चढवली. ज्यांचा हा संगणक आहे, त्या काकूंच्या मते तो आता 'गेला'. गेला कशावरून, तर स्क्रीनवर तसं लिहून आलं म्हणून.

(स्क्रीन, अगदी जवळून.)

संदेश इंग्रजीत आहे. हा पीसी विंडोज ११ च्या अटी सध्या पूर्ण करत नाही, असा त्याचा अर्थ. 'सध्या' हा शब्द बघा. जणू हा प्रोसेसर वर्षभर अभ्यास करून पुढच्या परीक्षेला बसणार आहे. खाली कारणं दोन : प्रोसेसर मान्य यादीत नाही, आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची अपडेट थांबली. त्या दिवशी या डब्यात काहीही बिघडलं नाही. १३ तारखेला तो जितका संथ होता, तितकाच १५ तारखेला होता. घरच्या वापरासाठी सुरक्षेची अपडेट आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. त्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून नाव नोंदवावं लागतं. काकूंनी नोंदवलेलं नव्हतं. आम्ही पेचकस घेतला.

(पत्रा सरकतो. धूळ.)

मागचे दोन स्क्रू काढले की बाजूचा पत्रा मागे सरकतो. एवढंच. तेरा वर्षांत हे कुणी केलेलं नाही. आणि हे जे करड्या लोकरीसारखं दिसतंय, ते कापड नाही. पंखा आणि हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांच्या मध्ये साचलेला धुळीचा गादीएवढा थर आहे. हवा जायला जागाच नाही. प्रोसेसर तापला की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. बाहेर बसलेल्या माणसाला वाटतं, मशीन म्हातारं झालं.

पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवलंय, ते मुद्दाम. हवेच्या झोतानं पंखा गरगर फिरवला तर बेअरिंगला त्रास होतो. मऊ ब्रश कडेकडेनं फिरवायचा. मग हीटसिंकच्या चार खिळ्या फिरवून वर ओढायच्या. खाली प्रोसेसरच्या टोपीवर, उष्णता हीटसिंककडे नेणाऱ्या थर्मल पेस्टचं जे काही उरलंय, ते भिंतीच्या पोपड्यासारखं सुटून येतंय. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून घ्यायचं आणि मधोमध वाटाण्याएवढी नवी पेस्ट. जास्त लावली की चांगलं, हा गैरसमज. ती लोण्यासारखी थापायची वस्तू नाही.

(नाण्यासारखी चपटी बॅटरी, नखानं उचकटताना.)

आणि ही. सीआर २०३२. संगणकाची वीज बंद असताना घड्याळ चालू ठेवते. ती संपली की तारीख अनेक वर्षं मागे जाते. मग वेबसाइट उघडत नाहीत, कारण त्यांची सुरक्षा प्रमाणपत्रं या संगणकाच्या हिशेबानं अजून जारीच झालेली नसतात. पडद्यावर लाल इशारा येतो, घरात निकाल लागतो की संगणक इंटरनेटसाठी जुना झाला. एवढ्याशा चकतीपायी किती डबे भंगारात गेले असतील, देव जाणे.

रॅमची जागा. चार खाचा, एकीत ४ जीबीची पट्टी. शेजारी दुसऱ्या एका बंद संगणकातून काढलेली तशीच पट्टी बसवली. डीडीआर ३ ची जागा डीडीआर ३ लाच. नव्या डीडीआर ५ ची खाच वेगळ्या ठिकाणी असते, ती इथे शिरतच नाही. दोन्ही बाजूंनी 'कट्' असा आवाज आला पाहिजे. आला.

(उघड्या हार्ड डिस्कची आरशासारखी तबकडी फिरतेय. लांब शॉट, कापू नये.)

आता हे निवांत बघा. आधीच निकामी झालेल्या एका डिस्कचं झाकण काढून आम्ही ती फिरवलीय. चालू डिस्क अशी उघडायची नसते, धुळीचा एक कण तिला पुरतो. तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. तिच्यावर ही बारीक दांडी इकडून तिकडे जाते, टोकाशी वाचणारं डोकं. एक तुकडा वाचायचा तर आधी दांडीनं योग्य वर्तुळावर जायचं, मग तबकडीवरची ती जागा फिरून डोक्याखाली येईपर्यंत थांबायचं. दोन्ही मिळून सुमारे १२ मिलिसेकंद. ऐकायला नगण्य. पण त्याचा अर्थ असा की विखुरलेले तुकडे असतील तर सेकंदाला जेमतेम ऐंशी वाचून होतात. संगणक सुरू होताना असे हजारो तुकडे लागतात. सुरुवातीला ऐकवलेली ती खरखर म्हणजे ही दांडी.

विंडोज ७ च्या काळात या दांडीला थोडी उसंत मिळायची. विंडोज १० आली आणि अपडेट शोधणं, व्हायरस तपासणं, फायलींची सूची करणं, सगळे एकदम डिस्कच्या दारात रांग लावून उभे राहू लागले.

(टास्क मॅनेजर. डिस्क : १०० टक्के. प्रोसेसर : एक आकडी.)

दोन रकाने बघा. डिस्क शंभर टक्के. प्रोसेसर जवळजवळ रिकामा, हाताची घडी घालून बसलेला. ज्याला आपण म्हातारा म्हणत होतो, त्याला कामच मिळत नव्हतं.

ही एसएसडी. हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, चिपांवर साठवण करणारी. हातात घेतली तर रिकामी आहे असं वाटेल इतकी हलकी. आत फिरणारं काही नाही, म्हणून वाट बघणंही नाही. जुन्या साटा जोडणीवरसुद्धा ती असे छोटे तुकडे सेकंदाला हजारोंनी वाचते. केबल तीच, जागा तीच. जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं तिच्यावर उतरवून घेतलं.

(पडदा दोन भागांत. डावीकडे आधी, उजवीकडे नंतर. स्टॉपवॉच.)

(निवेदन नाही.)

(जुन्या सीडी, खोकी, स्टिकर.)

नवी प्रणाली आली की जुना संगणक बाद, हे गणित कधीकाळी खरंच होतं. ऑगस्ट १९९५ मध्ये आलेली विंडोज ९५ कागदोपत्री ३८६ प्रोसेसर आणि ४ एमबी रॅमवर चालायची. सहा वर्षांनी एक्सपी आली, तिला किमान ६४ एमबी रॅम हवी होती. सोळापट. पण त्या दशकात प्रोसेसरचा वेगही शंभर मेगाहर्ट्‌झवरून तीन गिगाहर्ट्‌झपर्यंत पोचला. पाच वर्षांपूर्वीचं मशीन तेव्हा सरळ सरळ कमी पडायचं. २००४ च्या आसपास उष्णतेमुळे ही घोडदौड थांबली.

२००७ मध्ये व्हिस्टा. तिच्या आगमनाआधी विकल्या गेलेल्या संगणकांवर 'व्हिस्टा केपेबल' असं स्टिकर लावलेलं होतं, आणि त्यातल्या बऱ्याच मशीनवर व्हिस्टाची दिखाऊ रूपं चालतच नव्हती. अमेरिकेत खटला झाला. त्यात कंपनीच्या अंतर्गत ईमेल बाहेर आल्या. कंपनीच्याच एका बड्या अधिकाऱ्यानं आपल्या महागड्या लॅपटॉपचा उपयोग आता ईमेल बघण्यापुरता उरल्याची तक्रार केलेली होती. आम्हाला ते स्टिकर एका लॅपटॉपच्या तळव्यावर अजून चिकटलेलं सापडलं. हे बघा.

गंमत त्यानंतर आहे. विंडोज ७, ८ आणि १०, तिघींच्याही किमान अटी जवळपास तिथेच राहिल्या : १ गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, १ जीबी रॅम, ६४ बिटसाठी २ जीबी. २००९ च्या विंडोज ७ पासून बारा वर्षं उंबरठा हलला नाही. म्हणून तर एवढे जुने डबे घराघरांत टिकून राहिले. आणि २०२१ मध्ये उंबरठा एकदम उचलला गेला.

(मदरबोर्डवरची मोकळी पिनांची जागा. बोट दाखवतं.)

टीपीएमची चिप इथे बसली असती. कुलपाच्या किल्ल्या सांभाळणारी ही छोटीशी तिजोरी. डिस्कवरचं एन्क्रिप्शन तिच्या भरवशावर असतं. उपयोगी आहे, यात वाद नाही. पण मायक्रोसॉफ्टनं ती एक अट ठेवली असती तर २०१६ नंतरचे बहुतेक संगणक पास झाले असते. यादीनं अडवलं. इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचे प्रोसेसर, इंटेलची स्पर्धक एएमडी हिचे रायझन २००० आणि त्यापुढचे. सातव्या पिढीचा, २०१७ मध्ये विकत घेतलेला संगणक चार वर्षांत यादीबाहेर. सातव्या पिढीच्या मोजक्या प्रोसेसरना मागाहून सवलत मिळाली, आणि त्यातला एक कंपनीच्या स्वतःच्या सर्फेस स्टुडिओ २ या संगणकामध्ये बसवलेला होता. अटी न पाळणाऱ्या मशीनवर प्रणाली कोसळण्याचं प्रमाण चाचण्यांत ५२ टक्क्यांनी जास्त आढळलं, असं कंपनीनं तेव्हा सांगितलं होतं.

तर दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. न जमणं एक, आणि आत न घेणं दुसरं. २०२४ ची विंडोज ११ प्रोसेसरमध्ये काही ठरावीक सूचना, म्हणजे चिपला समजणारे आदेश, मागते, ज्या जुन्या कोअर २ ड्युओकडे नाहीतच. तिथे ती सुरूच होत नाही. ते न जमणं. आपल्या या आय ५ कडे त्या सूचना आहेत. याला फक्त दारात थांबवलंय. आडवाटेनं आत घुसवताही येतं, तसं करणारे आहेत, पण पुढची अपडेट मिळतील याची हमी कंपनी देत नाही. काकूंच्या संगणकावर हा प्रयोग आम्ही केला नाही.

लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणारी फुकट प्रणाली. लिनक्सवालेही सगळ्यांना कायमचं सांभाळत नाहीत, हेही दाखवायला हवं. लिनस टोरवाल्ड्‌सनं १९९१ मध्ये ज्या ३८६ वर लिनक्स लिहायला घेतलं, त्या ३८६ चा आधार डिसेंबर २०१२ मध्ये कर्नलमधून, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातून, काढला गेला, आणि खुद्द त्याला त्याचं जराही वाईट वाटलं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ या लिनक्सच्याच एका प्रकारानं ३२ बिट संगणकांसाठी इन्स्टॉलर देणं थांबवलं. फरक इतकाच की ३८६ ला लिनक्समध्ये २१ वर्षं मिळाली.

(पेनड्राइव्ह. निळी-पांढरी स्क्रीन. मग हिरवं लिनक्स मिंट.)

पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट. सुरू होताना एफ १२ दाबून पेनड्राइव्ह निवडला. इथे थांबा, कारण लोक इथेच घाबरतात : अजून डिस्कवर काहीही लिहिलं गेलेलं नाही. सगळं रॅममध्ये चालू आहे. वायफाय लागतं का, आवाज येतो का, व्हिडिओ अडकतो का, हे सगळं आधी असंच तपासून बघता येतं. पटलं नाही तर पेनड्राइव्ह काढायचा, संगणक परत सुरू करायचा, जणू काही झालंच नाही. मिंट २२ ला किमान २ जीबी रॅम लागते, ४ असली तर बरं. इथे आता ८ आहे. २०२९ पर्यंत अपडेट मिळतील.

वायफाय लागलं. आवाज आला. व्हिडिओ चालला. तीन वेगवेगळ्या ब्राउझर टॅब उघडून बघितल्या, कारण घरचा संगणक थकतो तो प्रणालीपेक्षा ब्राउझरमुळेच. आजचं एक बातम्यांचं पान उघडलं तरी शेकडो एमबी रॅम जाते. विंडोज ७ वाल्यांचा खरा शेवटही २०२३ मध्ये क्रोमनं हात वर केले तेव्हा झाला.

प्रिंटर चालला नाही. फक्त विंडोजवर चालणारी कामाची सॉफ्टवेअर असतील तर तीही चालणार नाहीत.

मॅक आमच्या टेबलावर नव्हता, म्हणून एका वाक्यात : मॅकओएस टाहो ही इंटेल प्रोसेसरच्या मॅकसाठी शेवटची आवृत्ती आहे.

(उंच ढीग. कॅबिनेट, मॉनिटर, वायरींचे गुंते. कॅमेरा हळूहळू वर.)

२०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला, त्यातला २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद आहे. आणि अपडेट नसलेला संगणक इंटरनेटला जोडून ठेवणं धोक्याचं, हे मे २०१७ च्या, फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या वॉनाक्राय हल्ल्यात दिसलंच.

(परत टेबल. बाजूचा पत्रा बसवला जातो. दोन स्क्रू.)

पत्रा बसवताना आधी खालची कड खाचेत, मग पुढे सरकवायचा. उलट केलं तर बसत नाही, आणि माणूस बुक्की मारायला लागतो. पहिल्या वेळी आम्हीही मारली. ते फुटेज ठेवलंय.

(काकू खुर्चीवर. बटण दाबतात. थांबतात. कान डब्याकडे नेतात.)

काकूंनी बटण दाबलं. खरखर नाही. पंख्याचा आवाज नाही. मॉनिटर अजून काळा. त्यांनी आमच्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं, आणि सुरूच झाला नाही असं समजून परत बटण दाबलं.

संगणक सुरू झालेला होता. तो बंद झाला.

(तिसऱ्यांदा बटण. या वेळी हात मांडीवर. पडद्यावर उजेड.)