मागच्या सीटवरच्या सरसेनापती

श्रोतेहो, नमस्कार. तारीख 25 नोव्हेंबर 2009. आम्ही तेव्हा विश्रांतवाडीला राहत होतो. लोहगावहून लढाऊ विमान उडालं की आमच्या फडताळातल्या कपबश्या किणकिणायच्या. त्या दिवशी सासूबाई मटारची परात घेऊन थेट गच्चीवर! राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील सुखोईत बसणार होत्या. ताई जळगाव जिल्ह्यातल्या, सासूबाईंचं माहेर भुसावळचं. म्हणजे घरचंच कार्य. 2006 मध्ये कलामसाहेब इथूनच सुखोईतून उडाले, तेव्हा सासूबाई नेमक्या एका लग्नाला गेल्या होत्या. ती चुटपुट होतीच.

विमान डोक्यावरून गेलं. कानावरचे हात काढून त्यांनी विचारलं, "चालवतंय कोण गं?"

"पायलट. तो पुढे, ताई मागे."

"आणि सैन्याचं मुख्य कोण?"

"ताई."

दोन-चार शेंगा सोलून झाल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे सातबारा तुझ्या सासऱ्यांच्या नावावर, पण कापूस लावायचा की केळी, ते भाऊजी ठरवणार. तसंच ना?"

श्रोतेहो, अगदी तसंच! कलम 53 प्रमाणे तिन्ही दलांचं सर्वोच्च सेनापतिपद राष्ट्रपतींकडे. पण कलम 74 म्हणतं, मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं चालायचं. सल्ला एकदा फेरविचाराला परत पाठवता येतो; तोच पुन्हा आला, की मान्य करायचा. परराष्ट्राचंही तेच. परदेशी राजदूत आपली अधिकारपत्रं राष्ट्रपती भवनात सादर करतात, करार राष्ट्रपतींच्या नावानं होतात, बोलणी मात्र सरकार करतं. पुन्हा सांगते, नाव राष्ट्रपतींचं, निर्णय मंत्रिमंडळाचा. शाळेत नागरिकशास्त्र परीक्षेच्या आदल्या आठवड्यात उरकतात, म्हणून हे आपल्याला गच्चीवर शिकावं लागतं. असो.

तर अर्ध्या तासानं विमान उतरलं. संध्याकाळी बातम्यांत ताई दिसल्या. एरवी पदर असायचा त्या डोक्यावर हेल्मेट, अंगात वैमानिकाचा पोशाख, वय 74. सासूबाई मटारउसळीची फोडणी तशीच टाकून बाहेर आल्या. खोबरं करपलं. "करपू दे," म्हणाल्या, "आवाज वाढव."