काळी निशाणं दिल्लीपर्यंत

(कराड येथे नवनिर्वाचित सरपंच आणि ग्रामपंचायत सदस्यांसमोर केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, कराडात उभं राहून यशवंतराव चव्हाणांचं कौतुक करणं सोपं आहे. पण आज मला त्या काळाबद्दल बोलायचंय, जेव्हा याच जिल्ह्यात लोक त्यांना सूर्याजी पिसाळ, म्हणजे फितूर, म्हणत होते. वाईच्या देशमुखाचं नाव साताऱ्यात कुणाला चिकटवणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको.

१९५५च्या डिसेंबरात फलटणला ते बोलले, त्याचा आशय असा होता की संयुक्त महाराष्ट्र, म्हणजे मुंबईसह मराठी भाषकांचं एक राज्य, आणि नेहरू यांत निवड करायची झाली तर ते नेहरूंना निवडतील. मराठी माणूस पेटून उठला. तिकडे मुंबईत मोरारजी देसाईंच्या सरकारने आंदोलकांवर गोळ्या चालवल्या. शंभराहून अधिक माणसं गेली. १९५६च्या नोव्हेंबरात मराठी आणि गुजराती भाषकांचं एकत्र असं द्वैभाषिक राज्य आलं आणि त्याचं मुख्यमंत्रिपद यशवंतरावांकडे आलं. पुढच्याच वर्षीच्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसचं पानिपत केलं. खुद्द मुख्यमंत्री कराडमधून जेमतेम निवडून आले.

आता विचार करा. आपल्याच गावाने असा कौल दिल्यावर माणूस काय करतो? बहुतेक जण याद्या काढतात. कोणत्या वाडीनं मतं दिली नाहीत, कुणाचा रस्ता अडवायचा. तुमच्यापैकी काहींच्या मनात आज अशी यादी असेल, मला ठाऊक आहे. ती फाडून टाका, असं मी कळकळीने सांगतो.

३० नोव्हेंबर १९५७ला नेहरू प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले. समितीने काळ्या निशाणांनी वाट भरून टाकली. मोरारजींच्या काळातल्या गोळीबाराची आठवण ताजी होती, तरी इथे गोळी चालली नाही. निदर्शकांनी शिस्त पाळली, सरकारने संयम पाळला. या संयमाला मी फार मोठं मानतो. कारण पंतप्रधानांनी जे पाहायला हवं होतं, ते त्यांना दिसलं.

आणि इथून यशवंतरावांची खरी ताकद वाढली. दिल्लीशी बोलताना त्यांच्या पाठीशी आता लोकांचा राग होता. द्वैभाषिक चालणार नाही, हे काँग्रेसच्याच मुख्यमंत्र्याने श्रेष्ठींना पटवलं. हे श्रेय एकट्या त्यांचं नव्हे, बरं का. एस. एम. जोशी, आचार्य अत्रे, क्रांतिसिंह नाना पाटील आणि रस्त्यावर उतरलेली हजारो माणसं नसती, तर दिल्लीत मांडायला त्यांच्या हातात काय होतं? विरोधकांनी ओझं वाढवलं आणि त्यांनी ते उचलून योग्य दारात नेऊन ठेवलं.

१ मे १९६०ला महाराष्ट्र झाला. बेळगाव, निपाणी, कारवार बाहेर राहिले, आणि त्याचा जाब समितीची माणसं त्यानंतरही यशवंतरावांना विचारत राहिली.