कोथिंबिरीची जुडी आणि शेकडा एक

(बेळगावात शहापूर भागातल्या एका महिला मंडळात संक्रांतीच्या हळदीकुंकवाला केलेलं भाषण, थोडं आवरून-सावरून.)

काकू, वहिनी आणि मागं दारात उभ्या राहिलेल्या पोरींनो, आत या, जागा आहे की.

मला बोलवायला आलेल्या दोघी म्हणाल्या, "आक्का, घरखर्चात बचत कशी करायची ते सांगा." मी म्हटलं, बचत करून करून बायका दमल्यात, त्यांना मी आणखी काय सांगू? पण तीस वर्षं मी एका पतसंस्थेत काउंटरवर बसले. समोर येणारी बाई सकाळीच गणपत गल्लीत कोथिंबिरीच्या जुडीसाठी दहा मिनिटं हुज्जत घालून आलेली असायची. तीच बाई आमच्याकडं कर्जाच्या कागदावर "सही कुठं करू?" एवढंच विचारायची. व्याज किती, ते कसं लावणार, हे विचारणारी महिन्यातनं एखादी. कोथिंबिरीचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. मी न विचारलेल्या गोष्टींवर बोलते.

पहिलं लाईट बील. 2023 च्या जुलैपासून कर्नाटक सरकारची फुकट विजेची गृहज्योती योजना आली आणि बऱ्याच घरांत शून्याचं बील यायला लागलं. बील कानडीत, त्यामुळं आधीच आपण ते धड बघत नव्हतो. शून्य आल्यावर तर घडी उघडायचंच बंद झालं. पण 200 युनिटं सगळ्यांना फुकट, असं ते नाही. तुमच्या घरात 2022-23 साली महिन्याला सरासरी किती वीज जळत होती ते धरून त्यावर थोडी वाढवून दिलेत. सरासरी 100 होती, तर 110 फुकट. 150 जाळलीत तर वरच्या 40 चे पैसे भरायचे. आणि 200 ओलांडली की त्या महिन्याची सवलतच गेली, पहिल्या युनिटापासून सगळं बील अंगावर. मागच्या उन्हाळ्यात आमच्या शेजारणीचं 206 आलं. सहा युनिटांपायी पूर्ण बील भरलं बिचारीनं, आणि आठवडाभर मीटर वाचणाऱ्या पोराला शिव्या घातल्या. त्याचा काय दोष?

तेव्हा रीडिंग घेऊन गेला की तारीख आणि आकडा कॅलेंडरवर लिहा. पंधराव्या दिवशी मीटर बघा. शंभराच्या पुढं गेलं असेल तर पुढचे पंधरा दिवस हात आखडायचा. कुठं आखडायचा? गिझरवर. दोन हजार वॅटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट. टीव्ही बंद करा म्हणून पोरांच्या मागं लागण्यात अर्थ नाही, तिथं फारसं काही जळत नाही. जुना पंखा 75 वॅट खातो, नवा बीएलडीसी पंखा तिसापर्यंत. रोज बारा तास फिरला तर एका पंख्यामागं महिन्याला सोळा युनिटं वाचतात. पण हे ऐकून उद्याच खडेबाजारात पळू नका. तुमचं बील शून्यच येत असेल तर नव्या पंख्याचे पैसे कधी फिटायचे? ज्यांचं 200 च्या आसपास घुटमळतं, त्यांनीच घ्यावा.

गॅसचं फार बोलत नाही. डाळ भिजत घालावी, पातेल्यावर झाकण ठेवावं, एका कुकरात तीन डबे लावावेत, हे तुमच्या सासवांनी शिकवलंय. एकच सांगते. टाकीत गॅस 14.2 किलो हवा. रिकाम्या टाकीचं वजन वरच्या कड्याजवळ लिहिलेलं असतं. आणणाऱ्या पोराला काट्यावर लावायला सांगा, तो काटा जवळ ठेवणं त्याचं कामच आहे. आपण त्याला चहा विचारतो, काटा विचारत नाही.

आता बेगमी. यात मी स्वतः हात भाजून घेतलेत, म्हणून जरा सविस्तर सांगते. आपल्याकडं वर्षाची चटणी, म्हणजे लाल तिखट, फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये होते, आणि ते बरोबरच आहे. नवी मिरची बाजारात येते तेव्हाच भाव खाली असतो. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी. ब्याडगीला रंग भरपूर पण तिखटपणा कमी, म्हणून नुसत्या ब्याडगीची चटणी केली की भाजीत दोनऐवजी तीन चमचे जातात. महाग मिरची आणि तीही जास्त! निम्मी-निम्मी घेतली की रंगही राहतो आणि डबाही वर्षभर पुरतो. देठासकट मिरची स्वस्त पडते, पण देठ काढल्यावर वजन किती उरतं ते एकदा घरी मोजून बघा, मग ठरवा. ऊन दोन दिवस जास्त द्या, डंकावर आपण स्वतः उभं राहून कुटून घ्या.

पण जे मिरचीला चालतं ते सगळ्याला चालत नाही. एका वर्षी अथणीकडची शाळू स्वस्त मिळते म्हणून मी दोन पोती घेतली. घरात माणसं तीन, त्यातलं एक भातावरचं. श्रावणात डबा उघडला तर ज्वारीपेक्षा सोंडेच जास्त! कोंबड्यांची चैन झाली. स्वस्त घेतलेलं टाकून दिलं की ते बाजारातलं सगळ्यात महाग धान्य. तांदूळ मात्र सुगीनंतर थेट शेतकऱ्याकडनं घ्या, खानापूरच्या बाजूला कुणी नातलग असेल तर सोन्याहून पिवळं. नवा तांदूळ चिकट होतो म्हणून नाक मुरडू नका, चार-सहा महिने ठेवला की सुटा होतो.

किराणा दुकानात एक गोष्ट बघायला शिका. आता पाकिटावर एमआरपीजवळ एका ग्रॅमला किंवा मिलीला किती पडतं तेही छापावं लागतं. अक्षर बारीक असतं, चष्मा न्या. मोठं पाकीट स्वस्तच असतं हा आपला समज आहे. शांपूची एक रुपयाची पुडी कित्येकदा मोठ्या बाटलीपेक्षा स्वस्त पडते. तेलाची पिशवी घेताना ग्रॅम बघा. एक लिटर तेल 910 ग्रॅमच्या आसपास भरतं. पिशवी दिसायला तेवढीच आणि आत 850 किंवा 750 ग्रॅम, असंही असतं. आणि साबण, टूथपेस्ट, शांपूवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 18 वरून 5 टक्क्यांवर आलाय. नवा भाव लावतो का, हे दुकानदाराला तोंड उघडून विचारा.

फुकट बसचं बोलू का? रागवाल. 2023 पासून कर्नाटकात सरकारी बसला बायकांना तिकिटाचे पैसे नाहीत, हे चांगलंच झालं. दवाखान्याला, माहेरला जायला नवऱ्याकडं हात पसरावा लागत नाही. पण "बस फुकट आहे, जरा बाजार करून येऊ" म्हणून येळ्ळूर-उचगावहून आलेली बाई परत जाताना पिशवीत पाचशेचं सामान घेऊन जाते, हे मी खिडकीतनं रोज बघते. हसताय कशाला, मी पण जाते.

आता माझ्या काउंटरवर या. समजा एक लाख कर्ज, एक वर्षात फेडायचं, व्याज "शेकडा एक" महिन्याला. ऐकायला किती सोपं! वर्षाचे बारा हजार. मुद्दल 8,333 आणि व्याज 1,000, मिळून हप्ता 9,333. आता शेवटच्या महिन्याकडं बघा. तुमच्याकडं त्यांचे राहिलेत फक्त 8,333. आणि त्यावर तुम्ही व्याज देताय पुरे हजार. ते शेकडा एक नाही राहिलं, शेकडा बारा झालं, तेही एका महिन्याला. कारण तुम्ही फेडत गेलात तरी व्याज पहिल्या लाखावरच धरलेलं आहे. याला फ्लॅट रेट म्हणतात. उरलेल्या मुद्दलावर व्याज लावायच्या हिशोबानं हेच कर्ज वर्षाला साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास पडतं. म्हणून एकच प्रश्न विचारायचा: "व्याज उरलेल्या मुद्दलावर की पहिल्या रकमेवर?" उत्तर द्यायला समोरचा अडखळला की सही करू नका. मी पण पुष्कळदा अडखळलेय, तुमच्यापासून काय लपवू.

सरकार घरच्या बाईला महिन्याला देतं ते गृहलक्ष्मीचे दोन हजार कुठं जातात, हे मी विचारलं तर निम्म्या हात वर करतील, "फायनान्सच्या हप्त्याला." वर्षाचे 24,000. सरकारकडनं ते यायला मागं-पुढं होतं म्हणून त्या पैशांवर नवं कर्ज कधी उचलू नका. ते येतील तेव्हा जुन्या कर्जाच्या मुद्दलात टाका.

पिग्मीबद्दल. ही कल्पना 1928 साली उडुपीच्या बँकेनं काढली, दारात येऊन रोज दोन आणे न्यायचे. व्याज थोडंच मिळतं, मुदतीआधी मोडली तर त्याहून कमी. तरी मी पिग्मीच्या बाजूनं आहे, कारण पैसा खर्चायच्या आधी घरातनं बाहेर पडतो. रोज पन्नास, वर्षाला 18,250. वर्ष झालं की रक्कम उचलून बँकेत मुदत ठेवीत टाका. बँकेत म्हणते, सोसायटीत नाही. सहकारी बँक धरून बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. मी तिथंच पगार घेतला, पण माझी स्वतःची ठेव दोन ठिकाणी वाटलेली आहे.

काय म्हणालात वहिनी? भिशी? भिशी घाला की, पण ओळखीच्या दहा-बारा जणींत, वही दोघींकडं ठेवून, आणि पहिली उचल कुणाला ते चिठ्ठी टाकून. ज्या भिशीत सगळ्यांना पहिल्याच महिन्यात पैसे हवे असतात, ती मोडते.

आणि आता वाण द्यायला उठताय म्हणून शेवटचं. या ताटातले हे प्लास्टिकचे डबे गेल्या वर्षीचेच आमच्या माळ्यावर आठ पडलेत. पुढच्या खेपेला मला पावशेर संकेश्वरी द्या.