गॅस आहे, पण आज किती निघेल?

[पडद्यावर घड्याळ, शेजारी वायदेभावाची हलती रेघ]

दर गुरुवारी, अमेरिकेच्या पूर्वेकडच्या वेळेनुसार सकाळी साडेदहाला, तिथलं ऊर्जा माहिती प्रशासन म्हणजे ईआयए एक आकडा जाहीर करतं. आधीच्या शुक्रवारपर्यंतच्या आठवड्यात जमिनीखालच्या साठ्यांत किती नैसर्गिक गॅस भरला गेला, किंवा त्यातून किती उपसला. काही सेकंदांत हेन्री हबचा वायदा, म्हणजे पुढे घ्यायच्या गॅसचा आज ठरणारा भाव, हलतो. समजा, 80 अब्ज घनफूट उपसा होईल असा बाजाराचा होरा होता आणि आकडा आला 95, तर भाव चढतो. बरोबर 80 आला, तर बहुधा काहीच होत नाही. ते 80 भावात आधीच मुरलेले असतात.

हेन्री हब म्हणजे लुइझियानातल्या इराथ गावाजवळ अनेक पाइपलाइन एकत्र येतात ती जागा. एक वायदा 10,000 एमएमबीटीयूचा. एमएमबीटीयू हे उष्णतेचं माप, भाव त्यावरच सांगतात. एक एमएमबीटीयू म्हणजे ढोबळमानाने हजार घनफूट गॅस.

[साठ्याचा उभा छेद]

हा साठा टाक्यांत नसतो. बहुतेक गॅस असतो तो जुन्या, संपत आलेल्या तेल-गॅस क्षेत्रांतल्या सच्छिद्र खडकात. एप्रिल ते ऑक्टोबर भरणा, नोव्हेंबर ते मार्च उपसा. खडकात दाब टिकावा म्हणून बराच गॅस कायम आतच ठेवावा लागतो, अशा क्षेत्रात एकूण गॅसच्या निम्म्याच्या आसपास. तो कुशन गॅस. त्याच्या वरचा, काढून विकता येणारा, तो वर्किंग गॅस. गुरुवारचा आकडा या वरच्या गॅसचा.

साठा किती आणि दिवसाला निघतो किती, यांत नेहमी गल्लत होते. उपसा होईल तसा दाब उतरतो, आणि दाब उतरला की विहीर मंदावते. नोव्हेंबरात तुडुंब भरलेल्या साठ्यातून दिवसाला जेवढा गॅस निघतो, तेवढा त्याच साठ्यातून मार्चमध्ये निघत नाही. म्हणून हिवाळ्याच्या शेवटी आलेली थंडीची लाट जास्त महागात पडते.

मिठाच्या गुहांचं तसं नाही. मिठाच्या थरात पाणी सोडून, मीठ विरघळवून केलेली ही मोकळी पोकळी. गॅसला खडकातून झिरपत यावं लागत नाही. एकूण क्षमतेत यांचा वाटा जेमतेम दहावा, पण रोजच्या उपशाच्या ताकदीत साधारण पाव. ईआयए दक्षिण-मध्य विभागात मिठाचा साठा वेगळा दाखवतं. जाणकाराची नजर आधी तिथेच जाते.

[फेब्रुवारी 2021, टेक्सासमधली थंडीची लाट. विहिरीच्या तोंडावर बर्फ]

विहिरीतून गॅसबरोबर पाणीही येतं. चोकमधून, म्हणजे विहिरीच्या तोंडावरच्या प्रवाह आवरणाऱ्या अरुंद वाटेतून जाताना दाब एकदम पडतो आणि गॅस आणखी गार होतो. दाबाखाली पाणी आणि मिथेन मिळून हायड्रेट बनतं, बर्फासारखाच खडा. 70 बारच्या आसपास तर ते 8 अंश सेल्सिअसलाही जमतं. पाणी गोठायची वाट बघावी लागत नाही. खडा चोकमध्ये अडकला की विहीर बंद. उपाय जुनेच आहेत: मिथेनॉल सोडायचं, हीटर लावायचा, नळ्यांना आवरण घालायचं. टेक्सासमध्ये अनेक ठिकाणी यातलं काहीच नव्हतं.

त्यात विजेचं भारनियमन सुरू झालं आणि विजेवर चालणारे, गॅस दाबून पुढे ढकलणारे काही कंप्रेसरही बंद पडले. त्यांची वीज तोडू नये म्हणून आधी एक अर्ज भरून ठेवायचा असतो. अनेकांनी तो भरलेलाच नव्हता. गॅस नाही म्हणून वीज नाही, वीज नाही म्हणून गॅस नाही.

आठवड्याभरात राज्याचं उत्पादन दिवसाला 21.3 अब्ज घनफुटांवरून 11.8 वर आलं. 17 फेब्रुवारीला हेन्री हबचा हजर भाव, म्हणजे लगेच घ्यायच्या गॅसचा भाव, एमएमबीटीयूमागे 23.86 डॉलर झाला. ओक्लाहोमात एका ठिकाणी हजार डॉलरच्या वर सौदे झाले. आणि मार्चचा वायदा? सव्वातीन डॉलरच्या आतबाहेर. बर्फ वितळणार हे वायद्याला ठाऊक होतं. गॅस त्या दिवशी, त्या गावात हवा होता.

[फ्रीपोर्ट, टेक्सासचा किनारा. 18 इंची नळी]

व्यत्यय आला की भाव चढतोच असं नाही. 8 जून 2022 ला फ्रीपोर्टच्या, गॅस द्रव करून जहाजांनी परदेशी पाठवणाऱ्या प्रकल्पात 18 इंची नळीचा एक भाग दोन बंद व्हॉल्व्हच्या मधे अडकला. आत उणे 162 अंशांचा द्रव गॅस. वाढलेला दाब सोडणाऱ्या सेफ्टी व्हॉल्व्हचा मार्ग बंद राहिलेला. नळी कितीही चांगली गुंडाळली तरी बाहेरची उष्णता आत जातेच. द्रव तापला, फुगला, नळी फुटली आणि पेट घेतला.

प्रकल्प दिवसाला सुमारे 2 अब्ज घनफूट गॅस खेचत होता. तो आता देशातच राहिला. दुरुस्ती लांबणार हे 14 जूनला कळलं आणि एका दिवसात हेन्री हबचा वायदा सुमारे 16 टक्क्यांनी कोसळला. युरोपात मात्र त्याच बातमीने भाव उसळला.

[पश्चिम टेक्सास, वाहा हब]

वाहा या गॅस खरेदी-विक्रीच्या ठिकाणी तर 2024 मध्ये भाव कित्येक दिवस शून्याखाली होता. तिथला गॅस तेलाबरोबर वर येतो. तेलाला भाव असेपर्यंत विहीर कोणी बंद करत नाही, गॅस जाळून टाकायलाही मर्यादा आहेत, आणि बाहेर नेणाऱ्या पाइपलाइन भरलेल्या. मग विकणाराच पैसे मोजून म्हणतो, घेऊन जा. त्या वर्षी ऑक्टोबरच्या सुमारास दिवसाला अडीच अब्ज घनफुटांची मॅटरहॉर्न एक्सप्रेस पाइपलाइन सुरू झाली, तेव्हा कुठे भाव शून्याच्या वर आला.