धुवून उरतं ते

पावसाळ्यात सांगलीत कुणी कुणाला फोन केला की पहिला प्रश्न ठरलेला, पुलाला किती फूट? पूल म्हणजे आयर्विन, १९२९ सालचा, कृष्णेवरचा. ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका, आणि २०१९ ला पाणी ५७ च्या वर गेलेलं हे इथलं शाळकरी पोरगं पण सांगतंय. पाणी कुठल्या आकड्याला टेकलं एवढं बघायचं, लांबनं सुद्धा दिसतं.

पण पाणी ओसरल्यावर मागं जे राहतं ते असं दिसत नाही. उंदराच्या लघवीतनं लेप्टोस्पायराचे जंतू पाण्यात, चिखलात येतात आणि घर साफ करणाऱ्या माणसाच्या पायाच्या भेगेतनं आत जातात. मग ताप, अंगदुखी, पोटऱ्या दुखणं. डेंग्यू पण असाच सुरू होतोय, त्यामुळं नुसतं बघून सांगता येत नाही, तपासायलाच लागतंय.

म्हणून आज आपण मिरजेत आलोय, एका छोट्या लॅबमधे. दवाखाने आणि तंबोऱ्यांचं हे गाव, स्टेशनापासून चालत निघालं तर औषधाची दुकानं मोजता मोजता दमायला होतं. आत बाकावर डिग्रजकडचे एक काका बसलेत, आठ दिवस ताप आहे, रक्त आत्ताच काढून झालंय आणि ते नळीकडं बघत विचारतायत, "ताई, एवढ्याशा रक्तातनं काय कळणार ओ?"

टेस्ट करणाऱ्या लॅबच्या ताई हसून म्हणतात, "रक्त नाही वाढवत काका, खूण वाढवतो."

ह्या एका वाक्यासाठी हा व्हिडिओ आहे. मी स्वतः दोन वर्षं अशाच कामात होतो आणि मला हे इतकं सरळ कधी सांगता आलं नाही.

आता ही प्लेट बघा, हिच्यावर जी टेस्ट होते तिचं नाव एलायझा. पारदर्शक प्लॅस्टिक, आठ ओळी, प्रत्येक ओळीत बारा वाट्या, एकूण ९६. लॅबमधे ह्या वाटीला वेल म्हणतात. प्रत्येक वेलच्या तळाला लेप्टोचे तुकडे आधीच चिकटवून ठेवलेले असतात, डोळ्याला काहीच दिसत नाही. काकांच्या रक्तातलं पाणी, म्हणजे सिरम, पातळ करून ह्यात टाकायचं. काकांच्या शरीराने लेप्टोशी लढायला अँटीबॉडी बनवल्या असतील तर त्या तळाला जाऊन धरून बसतात. नसतील तर नुसतं पाणी.

आणि मग धुवायचं.

इथं जरा थांबतो, कारण बाहेरच्या माणसाला वाटतं की मशीन हे सगळं करतंय, पण खरा खेळ हा धुण्याचा आहे. सिरममधे हजार प्रकारची प्रोटीनं असतात, आपल्याला त्यातलं एकच पाहिजे. नळीत सगळं एकत्र तरंगत असतं तेव्हा नको ते वेगळं काढणं लई अवघड. पण पाहिजे ते तळाला बांधून ठेवलं, की बाकीचं ओतून टाकता येतं. एवढ्यासाठीच ही टेस्ट प्लॅस्टिकच्या तळावर करतात, खूण जागेवर राहते आणि कचरा वाहून जातो.

ताई वॉश करतायत ते जवळनं बघा. वेल काठोकाठ भरायची, अर्धा मिनिट थांबायचं, सिंकमधे एका झटक्यात पालथी करायची, आणि मग टिश्यू पेपरच्या थप्पीवर प्लेट उलटी आपटायची, टप टप टप. कोपऱ्यात एक थेंब राहिला तरी त्या थेंबात नको ते राहतंय. पाच वेळा, प्रत्येक पायरीला.

माझ्या शिकाऊ दिवसातली गोष्ट सांगतो. एका लॅबमधे संध्याकाळी उशिरा मी पाचच्या जागी तीनच वॉश दिले, घाई होती आणि मला वाटलं काय फरक पडतोय. रंग टाकला आणि सगळी प्लेट निळी झाली, ज्या वेलमधे काहीच नसायला पाहिजे ती निगेटिव्ह कंट्रोलची वेल सुद्धा. मॅडमनी एक शब्द न बोलता प्लेट कचऱ्यात टाकली आणि सकाळी नवीन लावायला सांगितलं. ऐंशीच्या वर पेशंटचा रिपोर्ट एक दिवस मागं गेला. त्यातलं कुणीतरी औषधासाठी त्या रिपोर्टची वाट बघत होतं, ते मला अजून टोचतं.

निळी का झाली, तर ताई म्हणाल्या ते खूण वाढवणं जे आहे ना, त्याला खरं खोटं कळत नाही. तळाला बसलेली अँटीबॉडी दिसत नाही म्हणून तिच्यावर दुसरी अँटीबॉडी बसवतात, आणि तिच्या पाठीवर एक एन्झाइम बांधलेलं असतं, एचआरपी. मुळ्याच्या कुळातल्या हॉर्सरॅडिश नावाच्या झाडाच्या मुळातनं मिळतं हे. त्याच्यापुढं टीएमबी नावाचं बिनरंगाचं द्रावण ठेवलं की ते एकेक रेणू निळा करत सुटतं, आणि ते स्वतः संपत नाही, एक एन्झाइम हजारो रेणू रंगवतंय. म्हणजे दिसत नव्हतं ते दिसायला लागलं. पण तेच एन्झाइम न धुतलेल्या थेंबात राहिलं असेल तर तिथंही तितक्याच निष्ठेने रंग करतंय!

काही किटमधे ह्याच्याही पुढं जातात. बायोटिन म्हणजे बी व्हिटॅमिनच्या घरातलं एक, आणि स्ट्रेप्टॅव्हिडिन नावाचं एक प्रोटीन, ह्या दोघांची पकड इतकी घट्ट की निसर्गात तिला फार कमी तोड आहे. स्ट्रेप्टॅव्हिडिनला धरायला चार जागा असतात, त्यामुळं एका खुणेवर एकाच्या जागी बरीच एन्झाइमं टांगता येतात.

१९७१ साली स्वीडनमधे इवा एंगवाल आणि पीटर पर्लमन यांनी ही एलायझा पद्धत मांडली, त्याच सुमाराला नेदरलँड्समधे पण तसंच काम झालं. त्याआधी अशा तपासणीला किरणोत्सर्गी पदार्थ लावायला लागायचा. मिरजेच्या एका गल्लीत, पंख्याखाली ही टेस्ट होऊ शकते ते त्यामुळं.

आता काका आठव्या दिवशी आलेत म्हणून अँटीबॉडी शोधायच्या. दुसऱ्या तिसऱ्या दिवशी आले असते तर त्या बनलेल्याच नसत्या, तेव्हा जंतूचा डीएनएच शोधायला लागतो. तो वाढवायची पद्धत पीसीआर, एकाचे दोन, दोनाचे चार, तीस फेऱ्यात शंभर कोटींच्या वर. कोविडमधे हे नाव घराघरात गेलं. ते नळीत होतं. पण डीएनए सुद्धा तळाला बांधून वाढवता येतो, आणि मला सगळ्यात जास्त हेच आवडतं.

काचेची पट्टी घ्या. तिच्यावर डीएनएचे छोटे धागे एका टोकाने पक्के केलेत, गवतासारखे उभे. त्यात एक लांब धागा येऊन बसतो. त्याची नक्कल त्याच गवताच्या काडीवर तयार होते, मग ती बांधलेली नक्कल वाकते, तिचं मोकळं टोक शेजारच्या काडीला जाऊन टेकतं आणि कमान तयार होते. दोन्ही पाय काचेवर, मधे कमान! ह्याला ब्रिज ॲम्प्लिफिकेशनच म्हणतात, आणि पहिल्यांदा चित्र बघितलं तेव्हा मला आयर्विनच्या कमानीच आठवल्या. कमान उलगडली की एकाच्या जागी दोन धागे उभे, ते परत वाकतात, परत कमानी, असं करत एका ठिकाणी साधारण हजार सारख्या धाग्यांचा झुपका होतो.

एवढं कशाला? नळीत नकला केल्या तर सगळ्यांच्या सगळ्या एकमेकांत मिसळतात, कुणाची कुठली कळत नाही. इथं नक्कल जिथं जन्मली तिथंच राहते, मग जागा हेच तिचं नाव. केंब्रिजमधे शंकर बालसुब्रमण्यन, जन्म चेन्नईचा, आणि डेव्हिड क्लेनरमन ह्यांना काचेवरच्या डीएनएचा एकेक रेणू वाचायचा, म्हणजे त्यातल्या अक्षरांचा क्रम ओळखायचा होता, १९९८ मधे त्यांनी त्यासाठी कंपनीही काढली, पण एका रेणूचा उजेड फारच मंद पडतो. झुपक्यांची युक्ती जिनिव्हाकडं पास्कल मेयर आणि सहकाऱ्यांनी केलेली, ती जोडली आणि हजार दिवे एकदम लागल्यावर कॅमेऱ्याला दिसायला लागलं. ह्या तिघांना २०२२ चं ब्रेकथ्रू प्राइझ मिळालं.

अडचण पण आहे. एका टोकाने बांधलेला धागा मोकळा फिरत नाही, गर्दीत एन्झाइमला आत शिरायला जागा मिळत नाही, त्यामुळं काचेवर वाढ नळीपेक्षा कमी होते. म्हणून काडी काचेला थेट न चिकटवता मधे थोडा दोर सोडतात, बैलाला दाव्याला बांधताना सोडतो तसा.

अजून एक पद्धत आहे तिला पीसीआरसारखं तापवणं थंड करणं काहीच लागत नाही. गोल डीएनए घ्यायचा आणि फाय२९ नावाचं एन्झाइम त्याच्याभोवती फिरत ठेवायचं, ते थांबतच नाही, चरख्यातनं सूत निघावं तसा एकच लांब धागा निघत राहतो, त्यात तीच खूण शेकडो वेळा. हे एन्झाइम माद्रिदच्या मार्गारिटा सालास यांच्या कामातनं आलं. ३० डिग्रीला चालतंय, सांगलीत एप्रिलमधे खोलीच त्याच्यापेक्षा तापलेली असते.

चला, परत मिरजेत. शेवटचा वॉश झालाय. टप टप टप. ताई प्लेट उजेडासमोर तिरकी धरून प्रत्येक वेल बघतायत, बुडबुडा नाही ना, थेंब नाही ना. आता टीएमबी, आणि प्लेट ड्रॉवरमधे अंधारात, पंधरा मिनिटं. काका बाहेर चहा प्यायला गेलेत.

ड्रॉवर उघडला. निगेटिव्ह कंट्रोल पाण्यासारखा स्वच्छ, पॉझिटिव्ह कंट्रोल, म्हणजे ज्यात अँटीबॉडी आहेत हे आधीच माहीत असतं ती वेल, गडद निळी. मधल्या वेलपैकी तीन निळ्या आहेत, कुठली कुणाची ते व्हिडिओत सांगणार नाही. ताईंनी ॲसिड टाकलं, निळ्याचा पिवळा झाला, प्लेट रीडरमधे गेली, ४५० नॅनोमीटरला आकडे उमटले. कटऑफशी, म्हणजे पॉझिटिव्ह का निगेटिव्ह ते ठरवणाऱ्या आकड्याशी, एकदा ताळा केला, परत एकदा केला, आणि रिपोर्ट टाईप व्हायच्या आधीच ताईंनी डॉक्टरांना फोन लावला.