शब्द टाकला होता

नमस्कार, श्रोतेहो.

तालुक्याच्या एस.टी. स्टँडसमोर माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. होतं म्हणतो, कारण आता तिथं मोबाईलची कव्हरं मिळतात आणि ती माझा मुलगा विकतो. उभं आयुष्य रेडिओची पाठ उघडण्यात गेलं. आज त्याच्या तोंडून बोलायची वेळ आली आहे, तेव्हा कुठं अडखळलो तर सांभाळून घ्या.

गोष्ट १९९५ सालच्या एका आमदाराची आहे. नाव घेणार नाही. एक तर आकाशवाणीवर नावं घेऊन कुणाचं उणंदुणं काढायची रीत नाही, आणि दुसरं म्हणजे ही गोष्ट जेवढी त्यांची, तेवढीच माझी. आम्ही त्यांना सर म्हणायचो. हायस्कूलची मास्तरकी सोडून ते पाण्याच्या प्रश्नावर गावोगाव फिरत होते. आमचा भाग पावसाच्या सावलीतला. जानेवारी संपला की विहिरीत बादली खरडायला लागते. सर भाषणात एकच वाक्य बोलायचे, "मी कुणाच्या दावणीला बांधून घेणार नाही." त्या वाक्याला टाळ्या पडायच्या आणि पहिली टाळी माझी असायची.

सर अपक्ष उभे राहिले. चिन्ह मिळालं कपबशी. तेव्हा निवडणूक आयोगावर टी. एन. शेषन होते आणि त्यांचा असा वचक होता, की भिंत रंगवायची तरी कार्यकर्ते आधी नियम विचारायचे. पैसेवाल्यांचा गाजावाजा त्यामुळे कमी झाला आणि आमची एक जीप, तिच्यावरचा माझाच कर्णा आणि माझाच अहुजाचा अॅम्प्लिफायर, एवढ्यावर सुद्धा तालुका ऐकू लागला. बॅटरी उतरली की मी उतरायचो, नीट करायचो, पुन्हा चढायचो. महिनाभर दुकानाला कुलूप. बायको काय बोलली असेल ते तुम्हाला कळेलच.

पण कर्ण्यानं मतं मिळत नाहीत. मतं मिळतात अंगणात. मी ज्या अंगणात गेलो, तिथं सरांना कुणी ओळखत नव्हतं. मला ओळखत होते. कुणाचा मर्फी मी उधारीवर दुरुस्त केलेला, कुणाच्या मुलीच्या लग्नात स्पीकर लावलेला. माझी एक आत्या मळ्यातल्या वस्तीवर राहायची. तिनं बैलजोडीपासून एकच पक्ष धरला होता. बैलजोडी गेली, गाय-वासरू आलं, गाय-वासरू गेलं, पंजा आला, आत्याचा शिक्का काही हलला नाही. तिच्यापुढं बसून मी तासभर बोललो. पाणी, कालवा, उपसा योजना, सगळं सांगितलं. ती शेंगा फोडत होती. शेवटी म्हणाली, "मला त्यो मास्तर म्हाईत न्हाई. तू म्हाईत हाईस. तू म्हन्तोस तर मारते शिक्का."

वस्तीवरची सगळी मतं आत्याच्या मागं जायची. ती त्या वर्षी कपबशीवर गेली.

मतमोजणी कागदी मतपत्रिकांची. दिवस गेला, रात्र गेली. माझ्या दुकानात एका बाकड्यावर बारा-बारा माणसं बसून रेडिओ ऐकत होती. सर निवडून आले आणि मी दुकानातले दुरुस्तीला आलेले सगळे रेडिओ एकदम लावले. वेडेपणाच तो!

आता राज्यात काय झालं होतं बघा. जागा २८८. काँग्रेस ८०, शिवसेना ७३, भाजप ६५. सत्तेसाठी लागतात १४५. युतीचे मिळून १३८, म्हणजे सातांची तूट. आणि निवडून आलेले अपक्ष किती? तब्बल ४५. त्यातले बरेच काँग्रेसचेच बंडखोर, आमचे सर मात्र कुठल्याच घरातून रुसून आलेले नव्हते. १४ मार्च १९९५ ला शिवाजी पार्कवर मनोहर जोशींचा शपथविधी झाला. पुढं पेपरात पाठिंबा देणाऱ्या अपक्षांची यादी आली, आणि तीत आमचे सर होते.

दावणीचं वाक्य त्यांनीच शिकवलं होतं आम्हाला.

इथं कायद्याचं थोडं सांगतो, कारण तेव्हा मी ते चिडून चिडून वाचलं होतं. पक्षांतरबंदी १९८५ साली आली, ५२ वी घटनादुरुस्ती, दहावं परिशिष्ट. अपक्ष म्हणून निवडून आलेला माणूस नंतर एखाद्या पक्षात गेला, तर त्याची आमदारकी जाते. पण पक्षात न जाता नुसता पाठिंबा दिला, तर काही होत नाही. त्यामुळं कायद्याच्या नजरेत आमचे सर शेवटपर्यंत अपक्षच होते, त्यांनी काहीही मोडलं नव्हतं. त्या परिशिष्टात पक्ष आहे, सभागृह आहे, अध्यक्ष आहे. ज्यानं निवडून दिलं त्याला एकदा विचारा, असं त्यात कुठंही नाही. आणि त्या काळी मंत्री किती करायचे यालाही मर्यादा नव्हती. ती २००३ साली आली, सभागृहाच्या १५ टक्के, म्हणजे आपल्याकडे जास्तीत जास्त ४३. सरांना मंत्रिपद नाही, पण एका महामंडळाचं अध्यक्षपद मिळालं. लाल दिव्याची गाडी आली.

आम्ही तिघं रात्रीच्या एस.टी.नं मुंबईला गेलो. मंत्रालयाजवळ आमदारांना राहायला एक इमारत आहे, तिचं नावच आकाशवाणी आमदार निवास. रेडिओवाल्याला ते नाव वाचून उगीच बरं वाटलं. वऱ्हांड्यात आमच्यासारखी कितीतरी गावं बसलेली होती, कुणाच्या हातात अर्ज, कुणाच्या हातात पेशंटचे कागद. दोन तासांनी सरांनी आत बोलावलं. ओळख दाखवली, पाठीवर हात ठेवला, चहा मागवला. तो काचेच्या पेल्यांतून आला. कपबशी दिसते का, हे मी बघत होतो, आणि मला माझंच हसू आलं.

सर म्हणाले, "विरोधात बसून पाणी येतं का? सत्तेजवळ असलं तर फाइल हलते." खोटं नव्हतं ते. पुढच्या वर्षी कृष्णा खोरे महामंडळ झालं, आमच्या भागातल्या योजनांचं नाव निदान कागदावर फिरू लागलं. वस्तीकडं जाणारा रस्ता डांबरी झाला तो सरांमुळंच, मी तो नाकारत नाही. रागानं तोंडापर्यंत आलेले शब्द मी गिळले. मी फक्त म्हणालो, "सर, एकदा तालुक्याला येऊन लोकांना हेच सांगा."

त्यावर ते हसले. म्हणाले, "तू आहेस की. तू सांग. तुझं वजन आहे तिथं."

बाजू बदलली तेव्हा मला राग आला होता. पण मन उडालं ते ह्या वाक्यावर. माझा शब्द त्यांनी एकदा वापरला होता आणि तो कुठं खर्च केला याचा हिशेब न देता दुसऱ्यांदा मागत होते. परतीच्या एस.टी.त आम्ही तिघंही बोललो नाही. खोपोलीला गाडी थांबली, तिथं एकानं वडापाव घेतला, तेवढंच.

गावात सरांना जाब विचारायला कुणी गेलं नाही. सर होतेच कुठं? मला विचारायचे. कॅसेट दुरुस्तीला आणणारा माणूस जाता जाता विचारायचा, "काय म्हणतेत तुमचे साहेब?" आत्या तर "तुझा मास्तर" म्हणायची. एका मतानं तो माणूस माझ्या नावावर चढला होता, सातबाऱ्यावर बोजा चढतो तसा.

पण मतदारांच्या बाजूनं फार बोलायलाही जीभ रेटत नाही. सांगोल्याचे गणपतराव देशमुख सगळ्यांना ठाऊक आहेत. एकच पक्ष, शेतकरी कामगार, आणि ११ वेळा आमदार. एकनिष्ठ नेता कसा असावा म्हणून आपण त्यांचं नाव घेतो. त्याच १९९५ च्या निवडणुकीत ते पडले होते. बाजू न बदलणाऱ्यालाही आपण घरी बसवतो, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. मी माझ्याच दुखण्यात होतो.

१९९९ ला विधानसभा मुदतीआधीच आली. सर पुन्हा उभे होते. जीप आता सात होत्या आणि कर्णे भाड्याचे. मी दुकान उघडं ठेवलं. आत्याकडं गेलो, सहज. तिनं विचारलं, "औंदा कुनाला?" मी म्हणालो, "तुला वाटेल त्याला." ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "मला वाटायचं ते मी तवाच तुज्या हातात दिलं व्हतं."

सर त्या वेळी पडले. मला आनंद झाला नाही. खोटं कशाला बोलू, थोडा झाला. पण संध्याकाळपर्यंत टिकला नाही.

पुढं २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं नोटाचं बटण आलं. लोक म्हणाले, आता बघू. माझ्या दुखण्यावर त्याचा उपयोग नव्हता. नोटा मत देण्याआधी नको म्हणायला आहे, आणि माझा प्रश्न दिल्यानंतरचा. सरपंचाचं मात्र तसं नाही. थेट निवडलेल्या सरपंचावर अविश्वास आला, तर तो ठराव ग्रामसभेपुढं येतो, गाव गुप्त मतदान करतं. निवडलेल्याला परत बोलवायचा हक्क जयप्रकाश नारायणांनी १९७४ च्या आंदोलनात मागितला होता. आमदाराच्या बाबतीत तो अजून मागण्यातच आहे. असावा की नसावा, यावर माझं मत पक्कं होत नाही. दर सहा महिन्यांनी गावात निवडणूक लागली, तर मळणी कधी करायची, हाही प्रश्न आहेच.

परवाच्या २०२४ च्या नोव्हेंबरात, मतदानाला आठवडा असताना, एक तरुण पोरगा दुकानात आला. कुणाचा तरी प्रचार करत होता. डोळ्यांत तेच, जे माझ्या डोळ्यांत होतं. म्हणाला, "काका, मळ्यातल्या वस्तीवर तुमचं ऐकतात. एकदा चला, शब्द टाका."

आत्या जाऊन बरीच वर्षं झाली. तिच्या सुना, नातसुना आहेत तिथं. मी गेलो त्याच्याबरोबर, त्याच्या मोटारसायकलवर मागं बसून, त्याच डांबरी रस्त्यानं. आता त्यालाही खड्डे पडलेत. अंगणात सगळे जमले, पाणी आलं. पोरानं माझ्याकडं बघितलं.

मी म्हणालो, "हा पोरगा काहीतरी सांगायला आलाय. ऐका, आणि त्यालाच विचारा काय विचारायचं ते." आणि बाजूला जाऊन कट्ट्यावर बसलो. थोरल्या सुनेनं पहिला प्रश्न विचारला तो पाण्याचाच होता.

नमस्कार.